सोनाजी गुरूंच्या गावाला

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी माझा धाकटा भाऊ नारायण वारला. तार मला दुपारी मिळाली. मी वर्गात शिकवत होतो. तास संपवून मी घरी आलो.

पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद असतात आणि घाटात दरडी कोसळल्या होत्या, म्हणून मला जाता आले नाही. त्याला गावच्या लोकांनीच पोचवले. दिवाळीनंतर बोटी सुरू झाल्या आणि त्याची पेटी पुण्याला आली. तिच्यात कपडे होते, चष्मा होता, आणि दोन जाड वह्या होत्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिले होते : "सोनाजी गुरूंची पदे. लिहून घेणार, नारायण." दोन्ही वह्यांत मिळून चाळीस पदे होती.

नारायण जयगडच्या खाडीच्या काठी एका खेड्यात मराठी शाळेचा मास्तर होता. तिथे तो चार वर्षे राहिला. दर पत्राच्या शेवटी लिहायचा, "दादा, एकदा ये. इथली माणसे तुला दाखवायची आहेत." मी दर वेळी कळवायचो की परीक्षा संपल्या की येतो. माझ्या शाळेत परीक्षा कधी संपत नसत.

पदे मी हिवाळाभर उतरवून काढली. रत्नागिरीकडच्या खेड्यांत जाखडी नाचतात. मध्ये गाणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले गडी फेर धरतात. त्यांचे दोन पक्ष असतात. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला, आणि दोघे पदांतून एकमेकांना कोडी घालतात, टोमणे मारतात. ही पदे त्यातलीच होती. पण त्यांत कोडी थोडी आणि खाडी, सडा, बैल, बोटी, वाट पाहणारी माणसे फार. प्रत्येक पदाच्या शेवटच्या ओळीत सोनाजी गुरूंचे नाव होते. मला वाटले, खेड्यातल्या एका माणसाने एवढे पाहिले आणि ते कुणाला ठाऊक नाही, हे बरे नव्हे.

त्या सुमारास मुंबईच्या काही वाङ्मयप्रेमी गृहस्थांनी साऱ्या देशासाठी म्हणून दरसाल दोन पारितोषिके ठेवली होती. एक इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथाला, दुसरे देशी भाषेतल्या ग्रंथाला. देशी भाषा पाळीपाळीने घ्यायच्या होत्या आणि पुढच्या वर्षी पाळी मराठीची होती. परीक्षक निरनिराळ्या प्रांतांचे, बहुतेकांना मराठी येत नव्हते, म्हणून मराठी ग्रंथाबरोबर इंग्रजी तर्जुमा जोडायचा असा नियम होता. इंग्रजी ग्रंथाबरोबर मात्र कुठलाच तर्जुमा मागितला नव्हता. मी इंग्रजीच शिकवतो. चाळीस पदांचा तर्जुमा मी केला, आणि हस्तलिखित पाठवून दिले.

पुढच्या वर्षी पौषात चिटणीसांचे पत्र आले. मराठीचे पारितोषिक सोनाजी गुरूंच्या पदांना द्यायचे ठरले होते. कवी हयात असल्यास त्याने, नसल्यास त्याच्या वारसाने चैत्रात मुंबईला येऊन पदक घ्यावे. सोबत एक छापील कागद होता, त्यावर सही किंवा अंगठा हवा होता.

तेव्हा मी रजा घेतली. परीक्षा तोंडावर होत्या.

भाऊच्या धक्क्यावरून बोट उजाडता सुटली. फाल्गुनाचे दिवस होते आणि सारी बोट शिमग्याला गावी निघालेल्या गिरणीकामगारांनी भरलेली होती. पत्र्याच्या पेट्या, गुंडाळ्या, कुणाच्या मांडीवर नवी ढोलकी. मुंबई मागे राहिली तेव्हा समुद्रावर धुके होते. किनारा दिसे, मग नाहीसा होई, आणि पुन्हा दिसे तेव्हा तो तोच किनारा आहे की दुसरा, हे सांगता येत नसे. बोटीच्या यंत्राचा आवाज पायांतून वर येत होता. मी जागा होतो, पण पुष्कळ वेळ मला तसे वाटत नव्हते.

माझ्या शेजारी पेटीवर बसलेला चाळिशीचा गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारले, कुठे निघालात. मी गावाचे नाव सांगितले. (ते इथे लिहीत नाही. तसे मी गावच्या लोकांना कबूल केले आहे.) तो म्हणाला, "मंग तुमी आमच्या मास्तरांचं भाव. नाक त्येंचंच हाय."

त्याचे नाव तुकाराम. मुंबईत एका गिरणीत तो साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काम करीत होता. वर्षातून दोनदा घरी जायचे, गणपतीला आणि शिमग्याला. नारायणाविषयी तो फार बोलला नाही. मास्तर गेले तेव्हा आपण मुंबईत होतो, एवढेच त्याने सांगितले, आणि मग मला समुद्र लागतोय हे पाहून म्हणाला, की पुण्याच्या माणसाने पाण्याकडे बघू नये, किनाऱ्याकडे बघावे. मी किनाऱ्याकडे पाहू लागलो. आंजर्ल्याच्या कड्यावरचे देऊळ धुक्यात वेगळेच तरंगत होते, खाली कडा नसल्यासारखे. मग हर्णै गेले, दाभोळ गेले.

मी त्याला पारितोषिकाची हकीकत सांगितली. त्याने ती दोनदा ऐकली. मग हसला.

"गुरूला बक्षीस? बरं झालं. चांगलं झालं."

गुरू हयात आहेत का, असे मी विचारले.

"हायत बी, आनि न्हायत बी," तो म्हणाला. "गावात चला. भागीरथीआत्येला इचारा. गुरूची ल्येक ती."

मला वाटले, म्हातारा अंथरुणाला खिळला असेल.

जयगडला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बोट किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात उभी राहते आणि पडाव (रुंद होडी) येऊन उतारूंना नेतो. मी शिडीवरून पडावात पाय टाकला, लाट आली, आणि माझी एक वहाण पाण्यात गेली. ती थोडा वेळ तरंगली, जणू तिलाही कुठे जायचे होते. पडावातली माणसे हसली. तुकाराम म्हणाला, "एक खाडीला दिलीत, आता दुसरी बी देऊन टाका. येकटी काय करनार ती?"

मी ती दिली. कोकणात मी अनवाणी उतरलो.

रात्र एका वखारीच्या पडवीत काढली. सकाळी भरती लागली तशी आम्ही होडीने खाडीत शिरलो.

त्या प्रवासाचे वर्णन नीट करता येईल असे वाटत नाही. पाणी वर चढत होते आणि त्याच्याबरोबर आम्ही. वल्ही फार थोडी मारावी लागत. दोन्ही काठांना कांदळ (खाऱ्या पाण्यातली झाडी) अर्धे बुडालेले, त्याच्यामागे तांबडा उतार, त्यावर मोहरलेले आंबे. मोहराचा वास पाण्यावर उतरत होता. एक बाई गुडघाभर चिखलात उभी राहून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि तुकारामाला त्याच्या बायकोवरून काहीतरी बोलली. तोही काही बोलला. होडी पुढे गेली तरी तिचे हसू बराच वेळ पाण्यावरून येत होते. वळणामागून वळण आले. हे सगळे मला माहीत होते. पंधरावे पद, बाविसावे पद, तेविसावे. मी जे इंग्रजीत घातले होते त्यातून आता माझी होडी चालली होती. फक्त इंग्रजीत त्याला वास नव्हता.

गाव उतारावर आहे. खाली पाणी, वर सडा (जांभ्या दगडाचे उघडे माळरान). शाळा एका खोलीची. शिमग्याची सुट्टी होती म्हणून दाराला कडी होती, कुलूप नव्हते. शेजारच्या खोलीत नारायण राहत असे. तिथे आता नवे मास्तर राहतात. ते आपल्या गावी गेले होते. मी खिडकीतून आत पाहिले. दुसऱ्याची वळकटी होती, दुसऱ्याचा कंदील होता. मी पायरीवर बसलो. तुकाराम घरी न जाता माझ्याजवळ उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, की ऊन झाले, आत्येकडे चला.

भागीरथीबाई पंचावन्नच्या आसपासच्या असतील. नवरा लवकर गेल्यावर त्या वडिलांच्या घरी परत आल्या आणि तिथेच राहिल्या. घरापुढच्या खळ्यात (सारवलेल्या अंगणात) त्या कुळीथ पाखडत होत्या. तुकारामाने मी कोण ते सांगितले. त्यांनी सूप खाली ठेवले, माझ्या तोंडाकडे पाहिले, मग पायांकडे.

"वहाना कुटं?"

"खाडीला दिल्या," तुकाराम म्हणाला.

"शान्याचं भाव शानाच असनार," त्या म्हणाल्या, आणि पाय धुवायला पाणी आणले.

जेवणाच्या वेळी त्यांनी एक प्रश्न सरळ विचारला. मला शिधा द्यायचा, म्हणजे मी माझे शिजवून घेईन, की काय करायचे? मास्तर त्यांच्यात जेवत. माझे मी सांगावे. नारायणाने हे पत्रांत कधी लिहिले नव्हते. मी म्हणालो, तो जेवायचा तेच मला वाढा. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सोलाचे सार होते. मी पुष्कळ जेवलो. नारायण गेल्यापासून मला भूक अशी लागली नव्हती.

दुपारी माणसे जमली. आठ-दहा जण असतील. त्यांचा वस्ताद, म्हणजे नाचाच्या मंडळीचा पुढारी, दौलत नावाचा साठीचा शेतकरी होता. उंच, थोडा वाकलेला. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने ढोलकी मांडीवर घेतली. शिमग्याच्या दिवसांत ही पदे गात नाहीत, ती गणपतीची. पण मास्तरांच्या भावासाठी म्हणून दोन म्हणायला हरकत नाही, असे ठरले.

पहिले त्यांनी सर्व्हिस मोटारीचे म्हटले.

लाल मातीचा उडला धुरळा, मोटार आली घाटानं
बैल म्हणे, रे मालका, आता मी जातो कुण्या वाटानं

शेवटी आले :

सोनाजी गुरू सांगे, गड्या, चालू आपल्या पायानं

यावर सगळ्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिले आणि हसले. मीही हसलो. वहीत हे पद मला बरे वाटले होते. खळ्यात ते चालत होते, त्याला खूर होते.

दुसरे खाडीचे पद.

खाडीचं पाणी येतं नि जातं, दार माझं जागच्या जागी
सोनाजी गुरू म्हणे, बाय गो, कुणाची वाट तू बघी

हे म्हणताना ढोलकी जवळजवळ थांबली. ऊन खळ्याच्या अर्ध्यावर आले होते. बायका पडवीत उभ्या होत्या. पद संपले तेव्हा कुठेतरी एक सुतार पक्षी लाकडावर ठोके देत होता.

मग दौलत म्हणाला, की आता तुमच्या इंग्रजीतले ऐकू द्या. मुंबईच्या साहेबलोकांनी काय ऐकले ते आम्हालाही कळू द्या. मी संकोचलो, पण त्यांनी आग्रह केला. मी पिशवीतून तर्जुमा काढला आणि तेच खाडीचे पद इंग्रजीत वाचले. सगळे मान हलवत होते. तुकाराम साहेबासारखा पाय पसरून बसला, त्यावरून त्याला कुणीतरी ढोसले. भागीरथीबाई मात्र पुढे वाकून, डोळे मिटून ऐकत होत्या. माझे वाचून झाले तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"म्हना की फुडं," त्या म्हणाल्या.

मी सांगितले, की संपले.

त्यांनी डोळे उघडले. "माज्या बाचं नाव कुटं आलं?"

मला आधी कळलेच नाही. त्या परक्या भाषेतले त्यांना ओळखता येईल असे एकच नाव होते, आणि त्या त्याचीच वाट पाहत होत्या. ते आले नव्हते. मी काढले होते. चाळीस वेळा तेच नाव आले तर परभाषेच्या वाचकाला कंटाळा येईल, असे मला वाटले होते. मुखपृष्ठावर एकदा घातले की पुरे. हे मी त्यांना शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितले.

दौलतने ढोलकीवरून हात काढला.

"म्हंजी गुरू कापलात," तो म्हणाला. रागाने नव्हे. आपल्याला नीट समजले का, हे तो पाहत होता.

भागीरथीबाई म्हणाल्या, "मान कापायची आनि टोपीवर नाव ल्ह्यायचं."

घाईने मी तो छापील कागद काढला. वाटले, पदक मिळणार हे कळले तर त्यांचे मन निवळेल. कागद इंग्रजी होता. मी त्याचे मराठी करून सांगितले. ही सर्व पदे सोनाजी गुरू यांनी एकट्याने, स्वतः रचली आहेत. खाली वारसाचा अंगठा.

त्यांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला.

"बा जाऊन बारा वर्सं झाली," त्या म्हणाल्या.

नारायण गावात आला तो त्यानंतर सहा-सात वर्षांनी. मी मनात हिशेब केला आणि तो चुकला म्हणून पुन्हा केला. मग मोटारीचे पद आठवले. ही सर्व्हिस मोटार त्या बाजूला सुरू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. ते पद मी उतरवून काढले होते, तर्जुमा केला होता, आणि एकदाही थांबलो नव्हतो.

मग सगळे जण मला समजावून सांगू लागले, लहान मुलाला सांगतात तसे. गुरूला नारळ द्यायचा आणि त्याचा चेला व्हायचे. चेल्याने पद केले की शेवटी नाव गुरूचे घालायचे. स्वतःचे घालायचे नाही. गुरू गेला तरी घालायचे. कुणी गिरणीत साच्यावर उभा राहून जुळवतो, कुणी नांगरामागे. सारी पदे आणून भागीरथीबाईंपुढे म्हणायची. त्यांना वाटले की बाच्या तोंडी हे शोभले असते, तर ते पद फडात जायचे. नाही वाटले तर परत. सोनाजींनी स्वतः दहा-बारा केली असतील.

"बाकीची ह्या मेल्यांची," भागीरथीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आनि तुज्या भावाची."

त्यांनी मला अरेतुरे केव्हा सुरू केले ते माझ्या लक्षात आले नाही.

नारायणाने दुसऱ्याच वर्षी नारळ दिला होता. गुरूंच्या मागे तो दौलतने घेतला. मास्तर मधल्या मंडळींत बसून गायचा. त्याचे पहिले पद त्यांनी चार वेळा परत लावले. ते आठवून भागीरथीबाईंना हसू आले. "खाडीला 'सरिता' म्हनला त्यो. मी म्हटलं, मास्तर, ह्यो शबुद आयकून माजा बा पळून जाईल." पाचव्या वेळी झाले. नंतर नंतर त्याला परत लावावे लागत नसे.

मी विचारले, त्याची पदे कोणती?

मी तुकारामाकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मी म्हणालो, सगळी नको, एक सांगा. मी वही काढली. हे खाडीचे त्याचेच ना? "कुणाची वाट तू बघी," हे त्याने माझ्यासाठीच लिहिले असणार. मी त्याच्याकडे कधी आलो नाही. माझा आवाज चढला होता, तो मलाच ऐकू येत होता.

दौलतने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आमी आपसात बी सांगत न्हाय, भाऊ. कोनाचं कुटलं ते. येकदा फडात ग्येलं की संपलं. न्हायतर भांडनं लागतात. ह्ये माजं चांगलं, त्ये तुजं वाईट. मंग गुरू ऱ्हातो कुटं?"

"तो गेला आहे," मी म्हणालो. "आता भांडण कोण करणार?"

"तुमी करताय की," दौलत म्हणाला.

कुणीतरी हसले. पडवीतल्या एका बाईने, ती तुकारामाची बायको होती हे मला मागाहून कळले, पदराने तोंड पुसले आणि ती आत गेली. खाडीचे पद तिच्या नवऱ्याचेही असू शकेल, हे मला तेव्हा प्रथमच सुचले. दहा महिने तिचेही दार जागच्या जागी असते.

कागदाचा प्रश्न उरला होता. दौलत म्हणाला, "भागी, दे अंगठा. गुरूचं नाव मुंबैत गाजंल." त्यांच्या दृष्टीने त्यात खोटे काहीच नव्हते. पदे गुरूंचीच होती. तुकाराम म्हणाला, की साहेब विचारतो कोणाची, तर गुरूची, यात लबाडी कुठली? मी सांगितले, की कागदावर 'एकट्याने' असा शब्द आहे. भागीरथीबाईंनी अंगठा दिला नाही आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात ठेवली.

"आदी माज्या बाचं नाव त्येच्या जाग्यावर घाल," त्या म्हणाल्या. "मंग काय करायचं ते तू कर. तू शिकल्याला हायस."

मी विचारले, वह्या त्यांच्याकडे ठेवू का? त्या म्हणाल्या, शाळेत ठेव, पोरे वाचतील. मी कडी काढून दोन्ही वह्या शाळेच्या फळीवर ठेवल्या.

परतताना रत्नागिरीहून बोट धरायची म्हणून मी सड्यावरून पायी निघालो. तुकाराम पहिल्या उतारापर्यंत आला आणि तिथून मागे फिरला. त्याचे दिवस मोजके होते. जांभा दगड उन्हात तापतो आणि त्याला बारीक भोके असतात, त्यांच्या कडा पायाला लागतात. दुपारपर्यंत दोन्ही पाय सोलून निघाले. मालगुंडला एका घरी पाणी मागितले. घरच्या म्हाताऱ्याने पाय पाहून खोबरेल आणून दिले आणि मी नवस बोललो आहे का, असे विचारले. नाही म्हणालो तर त्याचा विश्वास बसला नाही. त्याने गणपतीपुळ्याची वाट दाखवली. तिथून पुढे बैलगाडी मिळाली. गाडीवान झोपला होता आणि बैलांना रस्ता ठाऊक होता. उजव्या हाताला समुद्र कधी जवळ येई, कधी सुरूंच्या आड जाई. चाकांच्या तालावर माझ्या मनात सारखी पदे येत होती आणि प्रत्येकाला मी विचारत होतो, तू कुणाचे? सारी एकाच आवाजात बोलत. त्या आवाजात नारायण कुठे होता ते मला शोधता येईना. लहानपणी तो अंधाऱ्या खोलीत लपायचा आणि मी दाराशी उभा राहून हाका मारायचो, तसे मी हाका मारत होतो.

रत्नागिरीला बाजारात नव्या वहाणा घेतल्या. बोटीला दोन दिवस होते. धर्मशाळेत बसून मी तर्जुम्याच्या चाळीस कागदांवर चाळीस ओळी वाढवल्या. प्रत्येक ओळीत ते नाव. आधी वाटले होते तसे कंटाळवाणे झाले नाही. नाव आले की पद थांबत होते, आधी ते नुसतेच तुटत असे. मग चिटणीसांना पत्र लिहिले. आधी इंग्रजीत लिहायला घेतले, पण 'गुरू' शब्दाला अडलो आणि मराठीत लिहिले. पदे सोनाजी गुरूंची आहेत. ती त्यांच्या नावाने पुष्कळांनी रचली आहेत. कुणी किती, हे मला माहीत नाही आणि विचारणे योग्य नाही. माझा भाऊ त्यांतला एक होता. माझ्या तर्जुम्यातली चूक दुरुस्त करून पाठवत आहे. छापील कागद कोराच परत करत आहे.

बोटीवर मी किनाऱ्याकडे पाहत बसलो. जयगडपाशी बोट थांबली तेव्हा पडाव आले, माणसे चढली, आणि खाडीचे तोंड थोडा वेळ समोर उघडे राहिले.

उत्तर पुण्याला आले, इंग्रजीत, आणि फार सौजन्याने लिहिलेले. अनेकांनी मिळून एका नावाने रचलेल्या काव्याला पारितोषिक देण्याची नियमांत सोय नव्हती. पण परीक्षकांना ही पदे इतकी आवडली होती की त्यांनी एक मार्ग काढला होता. पदे एकत्र आणणारा आणि त्यांतली काही रचणारा म्हणून कै. नारायण यांनाच ग्रंथकार मानावे. मी संमती दिली की पदकावर त्यांचे नाव कोरले जाईल.

ते पत्र मी आठ दिवस टेबलावर ठेवले. नारायणाचे नाव पदकावर. ज्याने त्याला कधी भेट दिली नाही त्या भावाला हे तरी करता आले असते. शाळेतून आलो की मी ते वाचायचो. वर्षानुवर्षे मराठीची पाळी पुन्हा येणार नव्हती, हेही मला दिसत होते. पण त्याने स्वतः आपले नाव 'लिहून घेणार' एवढ्याच ठिकाणी घातले होते आणि उरलेल्या चाळीस ठिकाणी दुसऱ्याचे. ते खोडून त्याचे कोरायचे, म्हणजे मी पुन्हा तेच केले असते.

नवव्या दिवशी मी नकार कळवला. त्या वर्षी इंग्रजीचे पारितोषिक दिले गेले. मराठीचे दिले नाही.

वह्या त्या गावच्या शाळेत आहेत. माझ्याकडे इंग्रजी प्रत आहे. तिच्यात चाळीस पदे आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी सोनाजी गुरूंचे नाव आहे. त्यांतली किती माझ्या भावाची, ते मला माहीत नाही.